आधी रॅम सांग, मग कार्डाचं बघू

अनरियल हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकायला निघालेली कॉलेजची पोरं हल्ली एकच विचारत्यात, "दादा, अनरियल शिकायचंय, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" मी विचारतो रॅम किती हाय, तर म्हणे ८ जीबी. मग भावा, कार्ड राहू दे बाजूला. अनरियल बनवणाऱ्या एपिकनंच अनरियल ५ साठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) सांगितलीय, त्याच्या खाली चालत नाही असं नाही, पण अनरियलचा एडिटर, ब्राउझर आणि ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) एकदम उघडलं की पीसी मान टाकतो.

प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की कोपऱ्यात 'कंपायलिंग शेडर्स' (शेडर म्हणजे वस्तू कशी दिसावी हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम) येतं ना, तेव्हा जरा टास्क मॅनेजर बघा. शेडर कंपाइल वर्कर म्हणजे ते तयार करणाऱ्या प्रोग्रामांची रांग लागलेली असते, प्रोसेसरचे सगळे कोअर भरलेले, रॅम भरलेली, आणि महागडं कार्ड निवांत.

कार्डात बघायची ती व्हीरॅम. माझा मावसभाऊ पन्हाळगडावरचा 'तीन दरवाजा' थ्रीडीत बनवतोय, दगडांचे फोटो मोबाईलवर काढून टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवायची चित्रं) केलेले, सगळे ४के. आता हिशोब बघा, ४०९६ बाय ४०९६ पिक्सेल, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे कॉम्प्रेस न करता एक टेक्स्चर ६४ एमबी, मिपमॅप (लांबून दाखवायला केलेल्या छोट्या प्रती) धरून ८५ च्या आसपास, आणि प्रत्येक दगडाला रंग, नॉर्मल (उंचसखलपणा), रफनेस (खरखरीतपणा) असे तीन तीन. बीसी७ कॉम्प्रेशन लावलं तर हे चौथाईवर येतं, पण त्याचं कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबीवालं. स्क्रीनवर लाल अक्षरात टेक्स्चर पूल (टेक्स्चरसाठी राखलेली मेमरी) भरल्याची ओरड आणि कमानीवरचं कोरीव काम चिखल फासल्यागत. पायऱ्या आणि लांबच्या भिंती १के वर आणल्या, कमान तेवढी ४के ठेवली, ओरड बंद. नवं कार्ड घेतलं नाही.

घ्यायचंच असेल तर, गेम खेळायला आरटीएक्स ४०६० पुढं आहे मान्य, पण एडिटरला मी जुनं ३०६० घेईन, १२ जीबीचं. त्यातच ८ जीबीचं पण निघालंय, त्यामुळं बॉक्स नीट वाचा.

टूडी गेम करणाऱ्यांनी मात्र उगं खर्च करू नये. गोडो ४ या दुसऱ्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरला कॉम्पॅटिबिलिटी रेंडरर (चित्र काढायचा हलका पर्याय) लावला की ते ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स प्रणालीवर चालतं, ऑनबोर्ड ग्राफिक्सवर पण मस्त. उरलेल्या पैशात यूपीएस घ्या, वळीव सुरू झाला की आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही.