कर्जखात्यातून हरित वित्ताकडे : माझा अनुभव

आमच्या सहकारी बँकेत कर्जाची फाइल टेबलावर आली की आधी दोन गोष्टी बघतात : तारण काय आणि हप्ते कुठून येणार. फोर्टमधल्या एका संस्थेत शाश्वत वित्ताचा, म्हणजे पैसा गुंतवताना पर्यावरण आणि समाजाचाही हिशेब धरण्याचा, संध्याकाळचा कोर्स केल्यापासून मी तिसरी गोष्टही बघते. कुर्ल्यातला तळमजल्याचा गाळा तारण असेल, तर २६ जुलै २००५ ला तिथे पाणी कुठवर चढलं होतं? त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाळ्याच्या मूल्यांकन अहवालात चौरस फूट असतात, रेडी रेकनरचा म्हणजे सरकारी दर असतो, पुराबद्दल मात्र अवाक्षर नसतं. कर्ज दहा वर्षांचं आणि पावसाचा विचार शून्य, हे मला पटेनासं झालं होतं. म्हणून मी हा कोर्स घेतला.

वर्गात बँकेतले, म्युच्युअल फंडातले, दोन-तीन सीए आणि एक पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी असे सगळे होते. पहिले काही तास व्याख्यांमध्ये गेले. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. मार्क कार्नी यांच्या भाषणापासून मात्र विषय माझ्या हाताला लागला. सप्टेंबर २०१५ मध्ये ते बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. लंडनमध्ये विमा कंपन्यांच्या लोकांसमोर बोलताना त्यांनी मांडलं, की धोरण आखणाऱ्यांची नजर दोन-तीन वर्षांपर्यंत जाते, आर्थिक स्थैर्य बघणाऱ्यांची फार तर दशकभर, आणि हवामान बदलाचा खरा फटका त्याच्या पलीकडे बसणार आहे. तो दिसू लागेल तेव्हा हातात करण्यासारखं थोडंच उरलेलं असेल. हा काळाचा प्रश्न पुढे प्रत्येक धड्यात भेटत गेला.

सगळ्यात जास्त वेळ मी डिस्काउंट रेटवर, म्हणजे पुढच्या काळातल्या पैशाची आजची किंमत काढायच्या दरावर, घालवला. कर्ज विभागात हा दर आम्ही रोज वापरतो, पण त्याच्या पोटात काय दडलंय याचा विचार कोणी करत नाही. मॅडमनी फळ्यावर एकच उदाहरण घातलं. ५० वर्षांनी १ कोटी रुपयांचं नुकसान होणार आहे. ते टाळायला आज किती खर्च करणं परवडेल? १० टक्के दर धरला तर उत्तर येतं सुमारे ८५ हजार रुपये. ३ टक्के धरला तर पावणेतेवीस लाखांच्या वर. नुकसान तेच, माणसं तीच, बदलला तो फक्त दर. म्हणजे वीस वर्षांनी जन्माला येणाऱ्या मुलाची किंमत किती धरायची, हे आपण एक्सेलच्या एका चौकटीत ठरवून मोकळे होतो. घरी येऊन मी ४, ५, ६, ८ टक्क्यांनी तोच हिशेब पुन्हा केला. खारफुटीचं जंगल राखण्याचे प्रकल्प कागदावर नेहमी ‘न परवडणारे’ का ठरतात, हे तेव्हा कळलं. खारफुटी लाटांचा जोर अडवते, पण तिचा फायदा पन्नास वर्षांवर पसरलेला असतो. त्याच जागेवरच्या टॉवरचा फायदा पाच वर्षांत वसूल होतो.

मग आला बीआरएसआर, म्हणजे कंपनीने पर्यावरण आणि समाजाबद्दल काय केलं याचा अहवाल. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये हा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. पाणी, कचरा, ऊर्जा, कामगार, सगळं त्यात भरावं लागतं. आम्हाला प्रत्येकी एका कंपनीचा अहवाल वाचायला दिला होता. तो वाचताना माझा नियम हाच, की आधी एकूण उत्सर्जनाचा आकडा शोधायचा. कारण मथळ्यात असते ती तीव्रता, म्हणजे एका रुपयाच्या उलाढालीमागे किती उत्सर्जन झालं ते. उलाढाल २० टक्क्यांनी वाढली आणि उत्सर्जन १० टक्क्यांनी वाढलं, तर तीव्रता ८ टक्क्यांनी घटलेली दिसते. कंपनी खोटं बोलत नसते. पण हवेला तीव्रता कळत नाही, तिच्यात एकूण टनच जातात. स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतचं उत्सर्जन, अनेक ठिकाणी कोरंच असतं, आणि कित्येक उद्योगांत तोच सगळ्यात मोठा भाग असतो.

हरित रोख्यांवर, म्हणजे फक्त पर्यावरणपूरक कामांसाठी घेतलेल्या कर्जाच्या रोख्यांवर, वर्गात वाद झाला आणि तो मला आवडला. केंद्र सरकारने २५ जानेवारी २०२३ ला पहिले सार्वभौम हरित रोखे काढले : ८,००० कोटींचे, निम्मे पाच वर्षांचे ७.१० टक्क्यांनी, निम्मे दहा वर्षांचे ७.२९ टक्क्यांनी. या पैशातून काय करता येणार नाही, हेही आराखड्यात लिहिलंय. अणुऊर्जा नाही, २५ मेगावॉटच्या वरचं जलविद्युत नाही, सीएनजी फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठी. एकाचा प्रश्न होता, मेट्रो आणि विजेवरची रेल्वे इंजिनं तशीही होणारच होती, मग रोखे हरित म्हणवून नवीन काय मिळालं? प्रश्न रास्त आहे. तरी माझं मत बदललं नाही. पैसा कुठे गेला हे दरवर्षी जाहीर करायचं बंधन सरकारने स्वतःहून घेतलं, आणि इतर सरकारी कर्जांना ते नाही. मागे लागून हिशेब विचारायला एक दोरी हातात आली, हे मला थोडं वाटत नाही.

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींची, म्हणजे पर्यावरणपूरक कामांनाच पैसा देण्यासाठी घेतलेल्या ठेवींची, चौकट लागू केली. त्यात व्यापारी बँका आहेत, ठेवी घेणाऱ्या वित्त कंपन्या आहेत, आमच्यासारख्या सहकारी बँका नाहीत. मुंबईतल्या सोसायट्यांची आणि छोट्या कारखानदारांची कितीतरी कर्जं आमच्याकडून जातात, तेव्हा आम्हालाही त्यात घ्यायला हवं असं मी शेवटच्या निबंधात आग्रहाने लिहिलं.

प्रकल्पासाठी मी आमचीच सोसायटी घेतली, मुलुंडची. गच्चीवर २० किलोवॉट सौर पॅनेल, लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी. किलोवॉटला ६० हजार धरून १२ लाख खर्च. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी पीएम सूर्यघर योजनेत किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरले ८ लाख ४० हजार. पावसाळा आणि शेजारच्या इमारतीची सावली धरून मी वर्षाला २६,००० युनिट घेतले, दर ९ रुपये. साफसफाईचे २० हजार वजा जाता पैसे चार वर्षांच्या आत सुटतात. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला १८ टन वाचतात.

सर्वसाधारण सभेत कोणी टनांबद्दल विचारलं नाही. पहिला प्रश्न गच्चीच्या गळतीचा होता. दुसरा सेक्रेटरी काकांचा : “अगं, उद्या बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर पंचवीस वर्षं टिकणारी पॅनेल घेऊन आपण करायचं काय?” हाच तो काळाचा प्रश्न, आमच्या गच्चीवर आलेला. मी तीन गोष्टी सुचवल्या. कर्जाची मुदत पाच वर्षं ठेवायची, म्हणजे बोलणी लांबेपर्यंत ते फिटलेलं असेल. स्ट्रक्चर नटबोल्टचं घ्यायचं, स्लॅबमध्ये गाडायचं नाही. आणि विकासकाशी करार होईल तेव्हा पॅनेल नव्या गच्चीवर बसवून द्यायची अट घालायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वॉटरप्रूफिंग आधी, पॅनेल नंतर असा क्रम लिहून घ्यायला लावला, तो बरोबरच होता. ठराव बहुमताने मंजूर झाला.

परीक्षाही पार पडली. परीक्षकांनी त्या पाच वर्षांच्या मुदतीवरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. सध्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं मागवली आहेत.