माहेर असताना लॉजवर

"राजारामपुरीत आपलं घर आहे की. माहेर असताना लॉजवर राहणार तुम्ही?" आई फोनवर हे विचारणार याची मला खात्रीच होती. नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन कोल्हापूरला यायचं, पण सुरुवातीचे काही दिवस घरी न उतरता महाद्वार रोडजवळ खोली घेऊन राहायचं, असं मी तिला कळवलं होतं. तिला ते लागलं. मलाही ते सांगणं जड गेलं. तरी मी ठाम राहिले. का, ते आज सविस्तर लिहिते. माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या कितीतरी जणींच्या घरी हाच विषय आहे आणि हे वाचणाऱ्यांत त्यांचे आईवडील, भाऊ-वहिनी असतील.

माझी मुलगी १६ वर्षांची, मुलगा १३ चा. दोघंही जर्मनीत, स्टुटगार्टला वाढली. दर खेपेला इथे आलो की दिवस आखलेलेच असायचे. सकाळी काकांकडे पोहे, दुपारी मावशीकडे जेवण, संध्याकाळी आत्याकडे चहा. प्रत्येक घरी माया भरभरून, त्यात काही कमी नाही. मुलं लहान होती तेव्हा ती भावंडांत रमायची. मोठी झाली तशी सोफ्यावर बसून मोठ्यांच्या गप्पा ऐकू लागली. "हिला मराठी येतं का गं?" असं तिच्यादेखत मला विचारलं जायचं, आणि सगळं मराठी नीट समजणारी पोरगी मान खाली घालून फोन काढायची. रंकाळा, बिंदू चौक, भवानी मंडप तिने पाहिले ते गाडीच्या काचेतून, एका घरातून दुसऱ्या घरी जाताना.

तिकडे मात्र तिचं शहर तिच्या पायाखालचं आहे. चौथी संपली की मुलं मोठ्या शाळेत जातात आणि बहुतेक जण ट्रामने किंवा बसने एकटीच ये-जा करतात. दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घराची किल्ली असते. नववी-दहावीत आठवडा-दोन आठवडे कुठेतरी खरं काम करून यावं लागतं. सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन कायद्यानेच विकत घेता येते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात तर २०२२ पासून विधानसभेसाठी मतदानाचं वयही १६ झालंय. म्हणजे मुलगी अजून शाळेत असते, पण समाज तिला बरीचशी मोठी धरून चालतो, आणि आई रात्री साडेदहाच्या ट्रामची वाट बघत जागी असते.

"तिकडं मुलं ऐकत नाहीत, होय ना?" असं मला इथे फार जण विचारतात. ऐकतात हो. आमच्यात भांडणंही फारशी होत नाहीत. होतं ते वेगळंच. बोलणं आटतं. शाळा कशी झाली? ठीक. जेवलीस का? हो. मग खोलीचं दार बंद. मनातलं जे काही असेल ते मैत्रिणीला जर्मनमध्ये सांगितलं जातं आणि मराठी उरते ती जेवणाच्या टेबलापुरती. मला याचा त्रास होतो, आणि तो मी कधी हसण्यावारी नेलेला नाही.

कोल्हापूरची कल्पना निघाली ती इटलीत. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही चौघं फ्लॉरेन्सला गेलो होतो. तिथे आर्नो नदीच्या काठाने कॅसिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमाशी, आपल्याकडे राजांच्या समाधीवर बांधतात तशी, एक रंगीत छत्री आहे आणि छत्रीखाली एका तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं २०. त्या संगमावरच आपल्या पद्धतीने त्यांचं दहन झालं आणि १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलालाही त्यांच्यावरूनच 'इंडियानो'चं, म्हणजे भारतीयाचं, नाव मिळालंय.

मुलगी तिथून हलेना. "माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे," ती म्हणाली. "घरी कळायला किती दिवस लागले असतील?" मी तिला सांगितलं, या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आणि कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांनीच आखलेला, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला. "मग तो आपण नीट बघायचा. फक्त दोघींनी. आणि त्या दिवशी कुणाकडे पोहे नाहीत." किती तरी महिन्यांनी तिने स्वतःहून माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

म्हणून लॉज. नवरा मुलाला घेऊन नाशिकला आपल्या आईवडिलांकडे गेला आणि आम्ही दोघींनी मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. सकाळी डोळे चोळत उतरलो, तर रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांची रांग चाललेली. काय बघायचं ते तिने ठरवायचं आणि मी बरोबर चालायचं, एवढाच आमच्यात करार होता.

पहिल्या सकाळी ती मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेली. स्टुटगार्टला ती ओटचं दूध पिते. इथे रस्त्याकडेला म्हैस उभी, समोरच धार काढतात आणि फेसाळ पेला थेट हातात. तिने अर्धा पेला प्यायला आणि उरलेला मला दिला. पण ती बराच वेळ तिथे थांबली, म्हशींची नावं विचारत. न्यू पॅलेसमध्ये शिकारीतल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढून ती झपाझप निघून गेली, दरबार हॉलच्या रंगीत काचांवरचे शिवचरित्रातले प्रसंग मात्र सावकाश बघितले, आणि तसबिरींमध्ये फ्लॉरेन्सचा तो चेहरा शोधत राहिली. बाहेर आल्यावर मनोऱ्यासमोर उभं राहून फोनमधला छत्रीचा फोटो आणि समोरची कमान असं आलटून पालटून बघत होती. इतिहासाच्या पुस्तकातून मी तिला हे कधीच देऊ शकले नसते.

चप्पल लाइनमध्ये मात्र आमची अख्खी दुपार गेली. शाळेच्या त्या कामासाठी ती एका ऑर्थोपेडिक बूट बनवणाऱ्याकडे राहिली होती, त्यामुळे चामडं हातात घेतल्यावर काय बघायचं हे तिला कळत होतं. भवानी मंडपाजवळच्या एका दुकानात बसलेल्या काकांनी ते लगेच ओळखलं. "पोरगी उलटी करून बघती चप्पल. कामातली दिसती," ते मला म्हणाले आणि तिच्या हातात चामडं कापायची रापी दिली. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडं कसं कमावतात, तळ कसा ठोकून घट्ट करतात, खिळा न मारता चामड्याच्या वादीनेच सगळं कसं शिवतात, हे त्यांनी सांगितलं आणि मध्ये मध्ये मी जर्मनचा आधार दिला. पट्ट्यावरची वेणी घरी बायका घालतात. "ते काम माझ्या हातनं तेवढं बारीक होत नाही," काका म्हणाले.

मुलगी गेली दोन वर्षं मांसाहार करत नाही. तिकडच्या तिच्या पिढीत हवामानाच्या काळजीने असं करणारी मुलं पुष्कळ आहेत. त्यामुळे चामड्याची चप्पल घ्यावी का, हा तिच्यासाठी खरा प्रश्न होता आणि तिने तो काकांनाच विचारला. मी थोडी अवघडले. काका शांतपणे म्हणाले, "बाळ, एक जोड नीट वापरली, तेल पाजलं, पावसात भिजवली नाही, तर वर्षानुवर्षं चालती. प्लॅस्टिकची किती फेकशील तेवढ्यात?" ती विचारात पडली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून या चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आपल्याला माहीतच आहे. तिच्या वर्गातल्या मुलींनी तो व्हिडिओ पाहिला होता आणि तिने त्यांना सांगितलं होतं की या माझ्या आजीच्या चपला आहेत. काकांना हे ऐकून बरं वाटलं. "फोटो सगळ्यांनी दाखवला मला," ते म्हणाले, "धंदा कसा चाललाय ते तू पहिल्यांदा विचारलंस." तिने कापशी प्रकारच्या चपलांचा जोड घेतला, स्वतःच्या साठवलेल्या पैशांनी, घासाघीस न करता.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ घेऊन कठड्याशी बसलो. "माझ्या वयाची असताना तू इथे कुणाबरोबर यायचीस?" तिने विचारलं. भावाबरोबर, मी म्हटलं, आणि दिवेलागणीच्या आत घरी. सकाळी आम्ही खासबाग मैदान पाहिलं होतं. रोमचं कलोसियम बघून आलेल्या शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं ते कुस्तीचं मैदान. शेजारी आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं ती बातमी मी स्टुटगार्टला वाचली आणि त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नव्हतं. लहानपणीची सगळी नाटकं मी तिथेच पाहिली होती. नाटकाला आम्ही मुली जात असू, पण भिंतीपलीकडच्या खासबागेत कधीच नाही.

"मामा जायचा?"

"जायचा."

"तुला राग यायचा?"

"यायचा. कुणाला सांगितला नाही."

"आज्जीलाही नाही?"

"नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने मला उन्हाळ्यातल्या एका वाढदिवसाची गोष्ट सांगितली. मैत्रिणीला दारू जास्त झाली होती. हिने तिला ट्रामने घरी पोहोचवलं, तिच्या आईच्या ताब्यात दिलं आणि मग आपल्या घरी आली. मला सांगितलं नाही, कारण मी पुढच्या वेळी जाऊ दिलं नसतं, असं तिला वाटलं. मी विचारलं, मैत्रीण आता बरी आहे ना? हो, म्हणाली. मग आम्ही खूप बोललो, अंधार पडून गेल्यावरही. तिथे शेजारी शेजारी बसून, पाण्याकडे बघत, ती जे बोलली ते घरच्या जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून कधी बोलली नव्हती. सगळं इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

नंतर घरी राहायला गेलो. आईचा रुसवा दारातच संपला. मटण चालत नाही म्हटल्यावर तिने अख्खा मसूर केला आणि वाटीवर वाटी वाढत गेली. जेवताना मुलीने सरळ विचारलं, "आज्जी, तू आईला खासबागेत का जाऊ दिलं नाहीस?" माझा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "मला तरी कुणी जाऊ दिलं होतं? कुस्त्या असल्या की इथवर आरडाओरडा ऐकू यायचा असं तुझे आजोबा सांगायचे आल्यावर. आम्ही भाकऱ्या करत असू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून ती तयार. जन्म कोल्हापुरात गेलेली माझी आई, पहिल्यांदा खासबागेच्या पायऱ्यांवर बसली. मोकळं मैदान, मधे आखाडा. तिने नातीला विचारलं, "आता पोरीसुद्धा खेळतात ना कुस्ती?" खेळतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पोरी देशासाठी खेळून आल्यात, असं नातीने फोनवर शोधून दाखवलं. आईने ते फोटो चष्मा पुसून पुन्हा बघितले.

माझी भाची १७ वर्षांची, डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेची तयारी करतेय. सकाळी अंधारात क्लास, मग कॉलेज, मग अभ्यासिका, रविवारी टेस्ट. दोघी जवळपास एकाच वयाच्या, पण एकीला दिवसाचा एकही तास स्वतःचा नाही आणि दुसरीच्या हाती अख्खी संध्याकाळ. त्या पोरीकडे बघून माझा जीव कासावीस होतो, आणि मुलीला वाटतं की बहिणीला निदान आपण काय होणार ते माहीत आहे. "टेस्ट झाली की मी येतो की तुमच्याबरोबर," भाची अस्सल कोल्हापुरी ढंगात म्हणाली आणि खरंच आली. दोघी शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला गेल्या. तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ असतो, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, आणि पेठच्या पेठ त्यासाठी वेडी होते, हे जर्मनीत क्लबकडून खेळणाऱ्या माझ्या मुलीला कुणीच सांगितलं नव्हतं. आवाज बसवून घेऊन परत आली.

तेव्हा घरच्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. आमची मुलं आली की एक-दोन जेवणं कमी करा आणि आपल्या पोरांबरोबर त्यांना बाहेर सोडा, पायी. काय खाल्लं यापेक्षा काय पाहिलं ते विचारा, आणि थेट त्यांनाच विचारा, मराठीतच. वेळ लागेल, पण उत्तर येईल.

नाशिकहून परत आलेल्या धाकट्याला ताईने स्टेडियमचे व्हिडिओ दाखवले तेव्हापासून त्याने पुढच्या डिसेंबरचा धोशा लावलाय. कुठल्या संघाच्या बाजूने बसायचं, मिसळ कुठे खायची, हे तिने त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. त्या खेपेला त्याला कोल्हापूर ती दाखवणार आहे, आणि आईने तिला बजावलंय की या वेळी लॉज नाही.