पूर्ण मिनिट

आपल्या नर्सिंग स्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'संस्थेच्या जडणघडणीविषयी काहीतरी लिहा' असा समितीचा निरोप आला. इमारत कधी झाली, सीट कधी वाढल्या, मेट्रन कोण कोण होऊन गेल्या, हे सांगणारी जाणती माणसं अंकात असतीलच. मी बाईंविषयी लिहिणार आहे. नव्वदच्या आगेमागे शिकलेल्यांना नाव सांगायला नको. बाकी सगळ्या ट्यूटरना आपण सिस्टर म्हणायचो, त्यांना मात्र बाई. का, ते ठाऊक नाही. आधीच्या बॅचने म्हटलं म्हणून आम्हीही म्हटलं. बाकीच्या सिस्टरांनी राग मानू नये. शिकवलं त्यांनीही, पण मला जे आलं ते बाईंकडून.

मी १९९२ ची बॅच. शिंदखेडा तालुक्यातलं गाव, घरी कोरडवाहू कापूस, बारावी सायन्सला बरे मार्क. नर्सिंग म्हणजे काय हे गावात कुणाला धड माहीत नव्हतं, पण रात्रीची ड्युटी असते एवढं सगळ्यांना माहीत होतं. 'रातले पोर घरबाहेर राही का?' यावर आमच्या ओट्यावर बरेच दिवस खल चालला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो कसा मिटवला देव जाणे. विद्यावेतन मिळतं, होस्टेल आतच आहे आणि पुढे सरकारी नोकरी लागते, हेच ते येईल त्याला सांगत राहिले.

ॲडमिशनच्या वेळी सामानाची यादी मिळाली होती, त्यात सेकंद काट्याचं घड्याळ होतं. आप्पांनी मनगटावरचं एचएमटी काढून दिलं. पुरुषी घड्याळ, पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी माझ्या कोपराकडे घसरायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं, पट्टा काढायला लावला, सहाच्या आकड्याकडच्या दांडीतून सेफ्टी पिन ओवली आणि घड्याळ माझ्या छातीशी उलटं टाचलं. उलटं अशासाठी, की मान खाली घातली की आकडे सुलट दिसतात आणि दोन्ही हात पेशंटसाठी मोकळे राहतात. ट्रेनिंग संपेपर्यंत ते तिथेच होतं. युनिफॉर्म धोब्याला देताना पिन काढायची विसरले की त्याच्या शिव्या आणि बाईंचा ओरडा, दोन्ही मिळायचं.

आता मेल मेडिकलची, म्हणजे पुरुषांच्या मेडिकल वॉर्डाची गोष्ट. कॅपिंग (नर्सची टोपी चढवण्याचा समारंभ) होऊन आम्ही नुकत्याच वॉर्डात जायला लागलो होतो. सकाळच्या राउंडला बाईंनी टीपीआरची (टेंपरेचर, पल्स आणि श्वास यांची) वही उघडली. टेंपरेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळी, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०. २०, २०, २०, मध्ये एकाच ठिकाणी कुणाला तरी दया येऊन २२. वही रात्रपाळीच्या सीनिअर मुलींनी भरलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त उभ्या होतो. बाईंनी वही मिटली आणि हळूच विचारलं, "अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो? भजनी मंडळ आहे का गं हे?"

हसायची सोय नव्हती. बाईंनी आम्हा पाच जणींना कोपऱ्यातल्या बेडवरच्या म्हाताऱ्या बाबांकडे नेलं. एकेकीने पंधरा सेकंद श्वास मोजायचे, चारने गुणायचे आणि उत्तर कागदावर लिहून घडी घालायची. मग आम्हाला व्हरांड्यात आणून त्यांनी घड्या उघडल्या. कुणाचे १६, कुणाचे ३६, दोघींचे त्यांच्या अधलेमधले, आणि एकीचं उत्तर चक्क शून्य. ती बिचारी रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "रडू नकोस, तुझं बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे."

बाबांचा श्वास चढत चढत मोठा व्हायचा, मग उतरत उतरत थांबायचा, आणि काही सेकंद काहीच नाही. पुस्तकात त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात; हृदय फार थकलं किंवा मेंदूला मार बसला की होतं. पुस्तकातल्या आकृतीवर आमच्यातल्या एकीलाही ते समजलं नव्हतं. पंधरा सेकंदांत तुम्ही त्या चढणीवर असाल, उतारावर असाल नाहीतर मधल्या शांततेत, आणि गुणाकार करून जे लिहाल ते खोटंच. बाईंनी पुन्हा आत नेलं आणि पूर्ण मिनिट मोजायला लावलं, मग आणखी एक.

पद्धतही त्यांनी तिथेच दाखवली. पल्स मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटलं पाहिजे की ही अजून पल्सच बघतेय. श्वासाकडे लक्ष आहे हे कळलं की माणूस तो सांभाळून घ्यायला लागतो, आणि मग तुम्ही मोजता तो त्याचा नेहमीचा श्वास नसतो. त्याचा हात त्याच्याच छातीवर आडवा ठेवायचा, नजर काट्यावर, आणि बोटांना हात वर-खाली झाल्याचं कळतं ते मोजायचं. मी आजही असंच करते.

मिडवायफरीलाही, म्हणजे बाळंतपणाच्या कामालाही, तेच. प्रत्येकीला २० नॉर्मल डिलिव्हऱ्या करून केसबुक भरायचं असायचं, त्यामुळे लेबर रूममध्ये कोणती केस कुणाची यावरून आमच्यात काय काय भांडणं व्हायची ते इथे न लिहिलेलं बरं. केसबुक तपासायला इतर ट्यूटर ऑफिसात बसायच्या. बाई वही काखेत मारून थेट पीएनसी, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात जायच्या आणि गर्भाशय आज किती बोटं खाली आहे ते त्या बाळंतिणीच्या पोटावर स्वतः बघायच्या. बाळंतपणानंतर ते रोज साधारण एक बोट उतरतं हे सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे वहीत ते खोलीत बसूनही उतरवता येतं. बाईंच्या वेळी ती सोय नव्हती.

त्या मूळच्या कोकणातल्या. आपल्याकडचा मे महिना त्यांनी कसा काढला असेल कोण जाणे. पारा ४५ च्या पुढे, उष्माघात कक्षात कूलर आणि बर्फाच्या लाद्या, होस्टेलला ओल्या चादरी पांघरून झोपायचं. अशातच आखाजी (अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण) आली. खान्देशातल्या पोरीला आखाजीला माहेर नाही म्हणजे काय हे बाहेरच्याला समजणार नाही. वॉर्ड भरलेले, सुट्टी सरसकट नामंजूर, आणि ती नामंजूर करणाऱ्या बाईच. लिननच्या खोलीत आमची एक मैत्रीण रडताना त्यांना सापडली. काय झालं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "झोका." बाईंनी ऐकून घेतलं आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटीवरून आलो, तर मेसच्या मागच्या निंबाला जाडजूड दोर बांधलेला. वॉचमन मामांनी गावाहून विहिरीचा दोर आणला होता. कुणी सांगितलं ते मामा बोलायला तयार नव्हते. पांढऱ्या साड्यांचे पदर खोचून पोरी झोक्यावर, खाली आखाजीची गाणी. मेसच्या मावशीसुद्धा कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. मेट्रनच्या क्वार्टरची खिडकी उघडली आणि लगेच लागली. आम्ही हट्टाने बाईंना बसवलं. दोन झोके घेऊन त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "नऊला लाइट बंद."

परीक्षा झाल्या, पास झालो, रजिस्ट्रेशन आलं. सरकारी ऑर्डर निघेपर्यंत एका खासगी दवाखान्यात काम केलं. त्याविषयी एवढंच, की तिथे पगार थोडा आणि तोही वेळेवर नाही, आणि इंजेक्शन देणाऱ्या निम्म्या मुली कुठेच शिकलेल्या नव्हत्या. मग सातपुड्यातल्या ग्रामीण रुग्णालयाची ऑर्डर आली. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झाला नव्हता (तो १९९८ साली झाला), सगळं धुळ्याखालीच. शहाद्याहून धडगावची एसटी म्हसावदच्या पुढे घाटाला लागली, तेव्हा आप्पा सोबत होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर दवाखाना पाहिला, क्वार्टरची कडी दोनदा ओढून बघितली आणि परतीच्या गाडीने गेले.

तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात रात्री एक पावरा आदिवासी जोडपं पाच महिन्यांचं बाळ घेऊन आलं. गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, मुकादमाची परवानगी काढून आले होते. अंगात ताप फारसा नव्हता. आई म्हणत होती, पीत नाही. मी बाळ तिच्या मांडीवरच राहू दिलं, अंगावरची चिंधी वर केली आणि पूर्ण मिनिट मोजलं. ६८. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असला की न्यूमोनिया धरून चालायचं. त्यात याच्या फासळ्यांखालचा भाग दर श्वासाला आत ओढला जात होता. डॉक्टरांना उठवलं, ऑक्सिजन लावला, पहिलं इंजेक्शन दिलं आणि जीपने नंदुरबारला पाठवलं. नंतर पुष्कळ दिवस काही कळलं नाही. उन्हाळ्यात ती आई स्वतःच आली, पोर कडेवर, आणि माझ्यासाठी फडक्यात बांधलेला आमचूर.

मी बाईंना पत्र लिहून सगळं कळवलं. शाबासकीची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. इनलँडवर उत्तर आलं: 'पत्र पोचले. बाळ शांत असताना मोजलेस की रडत असताना, ते लिहिलेले नाहीस. तब्येतीला जप. तिकडे पाणी उकळून पीत जा.'

आज मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून नॉरसेट (एम्सची नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) पास झाली आणि नागपूरच्या एम्समध्ये लागली. हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. २०२० मध्ये कोविड वॉर्डाची इन्चार्ज होते. पीपीई किट आणि दुहेरी ग्लोव्हजमधून पल्स लागत नव्हती, सगळ्यांचा जीव ऑक्सिमीटरच्या आकड्यात. मी माझ्या मुलींना श्वासही मोजायला लावायचे. मिनिटाला २४ च्या वर गेला की पेशंट कितीही बरा बोलत असला तरी डॉक्टरांना सांगायचं, हा नियमच होता, पण वहीत पुन्हा तेच २०, २०, २० दिसायला लागलं होतं. मी बाईंचंच भजनी मंडळाचं वाक्य वापरलं. मास्कच्या आत कोण हसलं ते दिसलं नाही.

मध्यंतरी एका कामासाठी संस्थेत येऊन गेले. निंब नाही. तिथे ऑक्सिजनची टाकी आहे, आणि ती हवीच, दुसरी लाट पाहिलेला माणूस तिच्याबद्दल तक्रार करणार नाही. टोप्या गेल्या, त्याचंही दुःख नाही. त्या टोप्या सलाइनच्या स्टँडला अडकायच्या. स्किल लॅब आली आहे, त्यातला पुतळा श्वास घेतो, आम्हाला असं काही मिळालं असतं तर! खटकलं ते वेगळंच. गावोगाव नर्सिंगची कॉलेजं निघाली, तिथल्या मुलीही सिव्हिललाच प्रॅक्टिकलला येतात आणि एका बेडभोवती दहा-दहा उभ्या राहतात. मागच्या मुलीला पेशंटचे पाय दिसतात फक्त. आणि घड्याळ कुणाकडेच नाही. मनगटावर काही घालायचं नाही, हे इन्फेक्शनच्या दृष्टीने बरोबर. मोबाइल वॉर्डात चालत नाही, हेही बरोबर. मग मोजायचं कशावर? मी एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, मॉनिटरवर येतं ना." मॉनिटर आयसीयूत असतो. मेल मेडिकलला नाही, धडगावला तर नाहीच.

बाई आता रत्नागिरीकडे भाच्याकडे असतात. कार्यक्रमाला या म्हणून मी फोन केला, तर म्हणाल्या, "गर्दीत मला कुठे नेता, आणि मे महिन्यात तर मुळीच नको."

महोत्सव समितीने प्रवेशद्वारासाठी वर्गणी काढली आहे. माझा वाटा मी भरला आहे, पण वेगळ्या कामासाठी, आणि पावतीवर तसं लिहूनही घेतलं आहे: प्रत्येक वॉर्डात, बेडवरून दिसेल अशा उंचीवर, एक मोठं काट्यांचं घड्याळ. आमच्या बॅचच्या आणखी काही जणी तयार आहेत. समितीला विनंती एवढीच, की डिजिटल घेऊ नका, सेकंद काटा लाल असू द्या, आणि सेल बदलायची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा, नाहीतर सहा महिन्यांत सगळी बंद पडतील.