ब्लू लगूनमध्ये सासूबाई

"पाणी वाहतं आहे ना गं? साचलेल्यात मी नाही उतरणार." आइसलँडच्या ब्लू लगूनच्या काठावर सासूबाईंनी आधी हेच विचारलं. जन्म पंचवटीतला, उभं आयुष्य रामकुंडावर स्नान. त्यांचं विचारणं मला रास्तच वाटलं.

हे तळं मुळात ठरवून केलेलंच नाही. शेजारी स्वार्तसेंगी हे वीजकेंद्र आहे, १९७६ पासूनचं. जमिनीत सुमारे २ किलोमीटर खोलवरून अतिशय तापलेलं, समुद्राचं आणि गोडं असं मिसळलेलं पाणी वर काढतात. त्यावर वीज करतात, गावांतली घरं ऊबदार ठेवतात. उरलेलं पाणी लाव्हाच्या खडकात सोडलं, तिथे ते मुरून जायला हवं होतं. पण पाण्यातली सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, भेगांमध्ये बसत गेली, भेगा बुजल्या आणि पाणी साठलं. पुढे लोक आपणहून डुंबायला येऊ लागले. आता साधारण ४० तासांत तळ्यातलं सगळं पाणी बदलतं. एवढं ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग चालेल."

आत जाण्यापूर्वी कपडे काढून आंघोळ करावी लागते. त्यांना संकोच वाटत होता, पण दार लावून घेता येतं.

पाणी ३७ ते ४० अंश, दुधाळ निळं. हा निळेपणा सिलिकाच्या बारीक कणांवरून विखुरणाऱ्या उजेडाचा. ओंजळीत घेतलं तर पाणी पांढुरकंच दिसतं.

मी मात्र काठाचा दगड बघत बसले. काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, आपली पांडवलेणी कोरली आहेत त्याच जातीचा. आपला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. इथे मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये लाव्हा येऊन गाड्या लावायची जागाच गाडली गेली. तो थोपवायला मातीदगडाचे उंच बांध घातले आहेत.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पाथर्डी फाट्याकडच्या एका खडी क्रशरवर मुकादम होते. सुरुंग उडाला की कधीकधी दगडाच्या पोकळीत पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक सापडायचे. दादा ते रुमालात बांधून घरी आणायचे. ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे होते, हे मला फार उशिरा कळलं. गरम पाणी बेसाल्टच्या पोकळ्यांत झिरपतं, खडकातली द्रव्यं विरघळवतं आणि स्फटिकांच्या रूपात मागे ठेवतं. आपल्याकडे हे काम कधीच आटोपलं. इथे खाली तापलेला खडक आहे, त्यातून पाणी फिरतं आहे, आणि त्याच पाण्यात सासूबाई तोंडाला सिलिकाचा लेप लावून उभ्या होत्या. दादा असायला हवे होते, असं फार वाटलं.

नाशिकहून कुणी जाणार असेल तर आधी सिन्नरचं गारगोटी हे अशाच स्फटिकांचं संग्रहालय बघून जा, मग तो काठ वेगळाच दिसेल. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी केसांना भरपूर कंडिशनर लावा. सिलिकाने ते काड्यांसारखे ताठ होतात. सासूबाईंनी अंबाडा घट्ट बांधून पाण्याच्या वर ठेवला होता, त्यांना काहीच त्रास झाला नाही.