तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहासात पीएचडी म्हणजे मी नेमकं करते काय?

एसटीत शेजारी बसलेल्या मावशीपासून भावकीतल्या लग्नात भेटलेल्या काकांपर्यंत सगळे मला हेच विचारतात, की बाई तू इतके दिवस शिकून राहिली ते नेमकं काय, आणि इतिहासात काय संशोधन करायचं असते, झालं ते झालं ना? कुणी वाईट मनाने विचारत नाही. सायन्सवाल्या पोरीची लॅब असते, ती दिसते. माझं काहीच दिसत नाही, मी आपली पिशवीत वही-पेन्सिल घेऊन तहसीलला नाहीतर नागपूरला जाते आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते. तर एकदा नीट सांगून टाकते.

शिक्षणाचं आधी पटकन. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या जवळ. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे तालुक्याला, मग बी.ए. ला इतिहास, मराठी आणि राज्यशास्त्र. सेकंड इयरला सरांनी प्रोजेक्ट दिला होता, आपलं वावर आपल्या घरात कुठून आलं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. वर्गातल्या निम्म्या पोरांनी लिहिलं की वावरच नाही. त्या प्रोजेक्टपासून मला हा विषय लागला. एम.ए. अमरावती विद्यापीठात केलं, तिथे पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आणि आपलं शिक्षण सगळं मराठीत, त्यामुळे पहिलं वर्ष डिक्शनरी मांडीवर घेऊनच गेलं. मग सेट म्हणजे कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा, मग पीएचडीची पेट म्हणजे प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, आरआरसी म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या कमिटीसमोर प्रेझेंटेशन, आणि दर सहा महिन्यांनी प्रोग्रेस रिपोर्ट. नियमाप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं असतात, म्हणून "अजून झालं नाही का" हे विचारणाऱ्यांना मी हा नियमच सांगते.

आता विषय. आमच्या गावाच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडे हिंगणघाट तालुका दिसतो. माती तीच काळी, कापूस-तूर तीच, सोयरीक इकडची तिकडे, बोली पण जवळपास एकच. पण १८०३ मध्ये इंग्रजांकडून हरल्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो निजामाकडे गेला. तेव्हापासून ही नदी सरहद्द झाली. पुढे १८५३ ला निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या इंग्रजी कंटिंजंट फौजेचे पैसे त्याच्याकडे थकले म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं, १८५४ ला भोसल्यांना वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य खालसा केलं, म्हणजे वर्षभराच्या अंतराने दोन्ही काठ एकाच सरकारकडे आले. तरी कारभार एक झाला नाही. आमच्या काठावर, म्हणजे वऱ्हाडात, मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आली, खातेदाराने सरळ सरकारला शेतसारा भरायचा. पलीकडे नागपूर प्रांतात मालगुजारी. एका माणसाला गावाचा मालक करून टाकलं, तो कुळांकडून वसूल करणार, त्यातला वाटा सरकारला देणार आणि बाकीचा ठेवणार. गावातलं पडीक, झाडोरा, तलाव सगळं त्याच्या नावावर, कुळांचे हक्क वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहिलेले. माझं सगळं संशोधन या एका गोष्टीवर आहे, की एकच नदी, एकच पीक, पण कागद वेगळे असले तर शंभर वर्षांत दोन काठांवरच्या माणसांचं काय काय वेगळं होतं.

पुस्तकात हे दोन वाक्यांत संपते. गावात तसं नाही.

उदाहरण सांगते. आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडे, गावाच्या पडीक चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात, घरकुल असो, अतिक्रमण असो, ग्रामसभेत पहिलं भांडण ई-क्लासवर. नदी ओलांडून वर्धा जिल्ह्यात जा, तिथे भांडण झुडपी जंगलाचं आहे. मालगुजारी १९५१ ला गेली तेव्हा मालगुजारांकडची पडीक, झुडपांची जमीन सरकारकडे आली, महसुलाच्या कागदात झुडपी जंगल म्हणून लिहिली गेली, आणि नागपूर विभागात अजून तो प्रश्न सुरू आहे, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ही जमीन वनजमीनच धरायची. म्हणजे इकडच्या माणसाचं घर तहसीलदाराच्या कागदावर अडते आणि तिकडच्या माणसाचं जंगल खात्याच्या. दोघांची वावरं एकाच पुराने खरडून जातात, पण अर्ज कुठे करायचा ते १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवायच्या कामाने, ठरवून ठेवलं आहे. झालं ते झालं असं जे म्हणतात ना, त्यांना मी हेच सांगते की झालेलं नाही, चालूच आहे.

काम कसं करते ते सांगते आता, कारण हे कुणालाच माहीत नसते. तीन जागा आहेत. पहिली नागपूरचं विदर्भ अभिलेखागार, तिथे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या फायली आहेत. गाईडचं पत्र द्यायचं, फॉर्म भरायचा, मागणीची चिठ्ठी द्यायची, मग फाईल येते. शाई चालत नाही, पेन्सिलच. इंग्रजीत टाईप केलेलं असते ते वाचायला सोपं, पण कडेला साहेबाने हाताने जे खरडलेलं असते तेच बहुतेक वेळा कामाचं निघते, कारण टाईप केलेल्यात सगळं ठीकठाक आहे असं असते आणि कडेला लिहिलेलं असते की या गावात सारा वसूल होणं कठीण. दुसरी जागा तहसीलची रेकॉर्ड रूम. पेरेपत्रकं म्हणजे कोणाच्या वावरात काय पेरलं त्याच्या नोंदी, बंदोबस्ताच्या मिसली म्हणजे फायली, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते, आणि कोतवाल बुकं म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर गावाचं नाव, आत कधी भलत्याच गावाचं निघते. तिसरी जागा लोकांची घरं, म्हाताऱ्यांच्या खाटेशेजारी.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, मला शिकावीच लागली. अक्षरं ओळखायला वेळ लागत नाही, आठवडाभर बसलं की येतात. पण प्रत्येक पटवाऱ्याचा हात वेगळा, एकाचा न आणि त सारखाच, दुसरा कानामात्रा खाऊन टाकतो, त्यामुळे एका माणसाचं अक्षर डोळ्यात बसायला महिना जातो आणि मग त्याची बदली होऊन नवा पटवारी येतो. एकदा का हात ओळखीचा झाला की मात्र तो माणूस कंटाळलेला केव्हा आहे, घाईत केव्हा आहे, हे पण कळायला लागते.

कोतवाल बुकाचं एक पान सांगते, ते माझ्या डोक्यातून जातच नाही. पलीकडच्या काठावरचं एक गाव, १९१८ चा पावसाळा संपतानाचे महिने. रकाने असे, तारीख, नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण. आधीच्या महिन्यांच्या पानांवर दोन-चार ओळी आणि खाली कोरा कागद. आणि मग हे पान वरपासून खालपर्यंत भरलेलं, समासात पण नोंदी घुसवलेल्या. कारणाच्या रकान्यात वर लिहिलंय ताप, खाली सदर म्हणजे वरचंच, त्याच्याखाली सदर, सदर, सदर, अशी पानभर. ही मानमोडीची साथ, म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. देशात एक कोटीच्या वर माणसं गेली असं मानतात, मध्यप्रांत-वऱ्हाड सगळ्यात जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी एक, आणि १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली दिसते. पण त्या पानावर साथ हा शब्दच नाही. लिहिणाऱ्याला ताप एवढंच माहीत. त्यात तिशीच्या आतबाहेरची माणसं जास्त, कमावती, आणि एका बाईच्या लगेच खाली तिचं काही दिवसांचं लेकरू, त्याला नाव नाही, नुसतं मुलगी. जन्माच्या नोंदीत पण पोरीचं नाव बहुतेक नसतेच. हे सरकारने स्वतःच्या हिशोबासाठी लिहून घेतलेले कागद आहेत, त्यात माणसं अर्ध्या ओळीत येतात, आणि त्या अर्ध्या ओळी दुसऱ्या कागदाशी जोडून बघणं हे माझं काम. मी त्या पानावरची नावं घेऊन पुढच्या वर्षांच्या पेरेपत्रकात शोधली, की त्यांची जमीन कोणाकडे गेली. काहींची भावाकडे, काही पडीत, आणि काही ठिकाणी मालगुजाराच्या सीर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरच्या, जमिनीला लागून असलेले तुकडे पुढे त्याच्याच खात्यात दिसतात. एवढ्यावरून मी लगेच काही ठोकून देत नाही, अजून गावं तपासायची आहेत. पण हे आमच्या काठावर तसंच दिसते का, आणि नसेल दिसत तर का नाही, हा माझ्या थिसिसमधला मला सगळ्यात जवळचा भाग आहे.

आमच्या काठावर दुसरीच गोष्ट निघते. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाणं बंद पडलं, वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला, आणि युद्ध संपताच तो पडला. तोवर पांढरं सोनं म्हणत ज्यांनी कर्ज काढलं होतं त्यांचं काय झालं असेल ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रेल्वे १८६७ ला नागपूरपर्यंत गेली. त्याच्या आधी कापूस बैलांच्या पाठीवर जायचा, तो वाहणारे बंजारे. गाडी आली आणि त्यांचा धंदाच बसला, मग तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले. त्याच काळात यवतमाळकडे पडीक जमिनी इजाऱ्याने, म्हणजे पट्ट्याने, दिल्या गेल्या, अजून कितीतरी गावांच्या नावात इजारा आहे.

आणि हे जुनं कुणाच्या कामाचं, तर ऐका. जातपडताळणीचा टाइम आला की गावातली पोरं माझ्या घरी येतात. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, व्हीजेएनटीला म्हणजे विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५०. आजोबाचं शाळेचं रेकॉर्ड नसते, कारण आजोबा शाळेत गेलेच नव्हते. राहते कोतवाल बुक, आणि ते मोडीत. तांड्यावरचा एक पोरगा आला होता, इंजिनिअरिंगची ॲडमिशन, हातात नकलेची झेरॉक्स, म्हणे ताई यात काय लिहिलं आहे तेवढं सांगा. त्याच्या पणजोबाच्या पोराच्या जन्माची नोंद होती. मी वाचून दाखवली तर त्याच्या वडिलांनी पुन्हा वाचायला लावली, पणजोबाचं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा तर मोडी वाचणारी माणसं शोधत सरकार फिरत होतं. मी या वाचनाचे पैसे घेत नाही, कारण ज्याच्या आजोबाला शाळा मिळाली नाही त्याच्याकडूनच शाळेच्या कागदाची किंमत वसूल करायची हे मला पटत नाही.

म्हाताऱ्यांकडे बसणं हे वेगळंच. पलीकडच्या गावात एक आबाजी आहेत, मालगुजारी गेली तेव्हा ते लहान होते. मी विचारत होते सारा किती, वाटा किती. ते म्हणाले, "ते मले नाही मालूम बाई, पण वाड्यासमोरून जातानी पायातलं काढून हातात घ्या लागे, आन् ज्या दिवशी माह्या बापानं नाही काढलं तो दिवस मले याद आहे." हे कुठल्याच मिसलीत नाही. तारीख त्यांना येत नाही, साल येत नाही, पण कोणतं पीक उभं होतं ते येते, आणि त्यावरून मी महिना काढते. मी ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं वऱ्हाडीतच उतरवते, पुस्तकी मराठीत करत नाही, गाईडसोबत यावरून थोडं बोलणं झालं पण मी ऐकलं नाही आणि शेवटी त्यांनीही मान्य केलं.

पैशाचं विचारता तर खोटं कशाला सांगू. फेलोशिप येते तेव्हा येते, मधले महिने ट्यूशनवर आणि सीएचबीच्या, म्हणजे कॉलेजात तासाप्रमाणे पैसे मिळतात त्या, तासांवर निघतात. कायमच्या जागा कमी निघतात. पोरीला इतिहास घेऊ देऊ का असं विचारणाऱ्या मायबापांना मी सांगते, घेऊ द्या, पण सोबत मोडी शिकवा, इंग्रजी वाचायची सवय लावा, आणि सेटची तयारी एम.ए. सोबतच सुरू करायला सांगा, नंतर नाही.

आणि एक काम तुमच्याकडे. घरी पेटीत जुने कागद असतील तर दिवाळीच्या साफसफाईत जाळू नका, वाळवी लागली असेल तरी नाही. लॅमिनेशन तर अजिबात करू नका. सुती फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा, सावलीत. मला पाठवायचे असतील तर मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश बंद करून, आणि पानाची मागची बाजू पण काढा, कारण जमीन पुढे कोणाच्या नावावर गेली ते खूपदा मागेच लिहिलेलं असते.