मँचेस्टरजवळचं गिल्ड आणि इचलकरंजीचा मामा

इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर, हे आम्ही कोल्हापूरची पोरं शाळेतच पाठ करतो. खऱ्या मँचेस्टरच्या जवळ संसार थाटायचा योग मला लग्नानंतर आला. आम्ही राहतो ते गाव इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावाच्या अलीकडे. चहूकडे डोंगर, बारीक पाऊस आणि बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी. पहिल्यांदा ती धुराडी पाहिली तेव्हा मला शाहू मिलचा भोंगा आठवला. माझे आजोबा त्या भोंग्यावर घड्याळ लावायचे.

बर्नलीत क्वीन स्ट्रीट मिल नावाची गिरणी जपून ठेवली आहे. १८९४ ची. वाफेच्या इंजिनावर चालणारे तीनशेच्या वर माग एकाच छपराखाली. मी गेले त्या दिवशी त्यांनी थोडे माग चालवून दाखवले. खटाखट सुरू झाली आणि मला रडू आलं. इचलकरंजीत मामाच्या घरी सुट्टीला गेलं की रात्री झोप लागायची ती याच आवाजात.

तिथेच एका बाईंनी गिल्डबद्दल सांगितलं. हातमागावर विणणारे, चरख्यावर कातणारे आणि रंगवणारे यांचं मंडळ. महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतात. मी गेले ती गेलेच.

गिल्ड हा शब्द इथे फार जुना. लंडनच्या विणकरांना दुसऱ्या हेन्री राजाने ११५५ मध्ये सनद दिली. गिल्डात असाल तरच शहरात विणायचं, असा तो कारभार. मी त्यांना आपल्या नाशिकच्या लेण्यांबद्दल सांगितलं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव ठेवली, ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे गिल्डांकडेच. दोन हजारांवर महिना शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर पाऊण. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च. हे सगळं दगडात कोरलेलं आहे. म्हणजे विणकरांची पत तेव्हा आजच्या बँकेसारखी होती. हॉलमध्ये एकदम शांतता पसरली, मग प्रश्नांवर प्रश्न आले. मला फार अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही.

आत्ताची गिल्डं मात्र त्या सनदेच्या वंशातली नव्हेत. मधे एक भयंकर काळ गेला. यंत्रमाग आले आणि याच भागातले हातमागवाले अन्नाला महाग झाले. एप्रिल १८२६ मध्ये उपाशी विणकरांनी तीन दिवसांत हजारावर यंत्रमाग फोडले. सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. पोटासाठीचा हातमाग पुढे संपत गेला. विसाव्या शतकात काही लोकांनी तो पुन्हा हातात घेतला, शिकण्यासाठी आणि शिकवण्यासाठी. एथेल मेरे ही त्यातली मोठी बाई. पहिले पती, कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्याबरोबर सिलोनमध्ये राहून तिने तिथले कारागीर पाहिले, मग इंग्लंडमध्ये डिचलिंगला माग मांडून पोरी तयार केल्या. गावोगावी मंडळं झाली आणि १९५५ मध्ये त्यांची देशभराची संघटना उभी राहिली.

आमच्या गिल्डात दोन कपाटं आहेत. एकात पुस्तकं. दुसऱ्यात नमुने, हातभर कापडाचे तुकडे. प्रत्येकाला मागे कागद जोडलेला: ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कोणतं सूत, फणीच्या एका घरात किती तार, पायाखालच्या कोणत्या पावडीनंतर कोणती दाबायची. विणणारी बाई कधीच वारलेली असते, पण तो कागद घेऊन मी आज तेच कापड विणू शकते. या कपाटापुढे उभी राहिले की मला मामा आठवतो.

मामा वहिफणीचं काम करायचा. बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ. नवा बीम लागला की एकेक तार वहीच्या, म्हणजे तारा वरखाली करणाऱ्या मागाच्या भागाच्या, डोळ्यातून आणि मग फणीतून ओढून घ्यायची, हजारो तारा, पाठ वाकवून. एक तार चुकली तर कापडभर रेघ. मला गिल्डाच्या कपाटात नमुना द्यायचा होता, म्हणून तारा कुठून कशा ओढायच्या ती भरणी विचारायला मी मामाला फोन केला.

“मामा, धोतराच्या काठाची भरणी सांग की. लिहून घेते.”

“अगं, लिवायचं काय त्यात? हाताला ठावं असतंय.”

मग व्हिडिओवर त्याने मामीकडून सुताचं रीळ मागवलं, पायाच्या अंगठ्याला चार तारा अडकवल्या आणि बोटांनी दाखवू लागला. “काठाला एका डोळ्यात दोन तार. न्हाईतर काठ फाटतोय. दोन, दोन, दोन, मग एकेक.” बोटं ऐंशी वर्षांची, पण थांबत नव्हती. तोंडाने सांगताना तो दोनदा अडखळला. हात एकदाही चुकला नाही. मी पाऊण तासात दीड पान लिहिलं.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर किती घरं त्या धोट्यावर, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीवर, जगली! आता साधे माग भंगारात जात आहेत, नवे माग धोट्याशिवाय चालतात. मामाची विद्या मामाबरोबर जाईल, याची मला काळजी आहे. इथल्या बायकांचा हा छंद आहे, घर त्यावर चालत नाही, हा फरक मी विसरत नाही. पण लिहून ठेवायला काय हरकत आहे?

घोंगडीचंही तसंच. मागच्या खेपेला पट्टणकोडोलीहून आणलेली घोंगडी मी गिल्डात नेली. दख्खनी मेंढराची लोकर, धनगरणींनी कातलेली, घोंगड्या विणणाऱ्या सणगर समाजाने खड्ड्याच्या मागावर विणलेली. एका आजींनी ती गालाला लावली, वास घेतला आणि विचारलं, एवढा ताठपणा कशाने? मी सांगितलं, चिंचोक्याची खळ. त्या आजी ताण्याच्या दोऱ्याला जवसाची खळ लावतात. आम्ही दोघींनी एकमेकींची कृती लिहून घेतली. चिंचोके किती वेळ भिजवायचे, हे मात्र मला सांगता आलं नाही.

दिवाळीत येते आहे. पट्टणकोडोलीला जाऊन सणगरांच्या मागाशेजारी वही घेऊन बसायचं ठरवलं आहे, मामालाही गाडीत घालून नेणार. तुमच्या माळ्यावर जुनी फणी, धोटा, टकळी असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. आणि घरात कुणाला खळ शिजवता येत असेल, तर मी येईपर्यंत त्यांना एवढं विचारून ठेवा: चिंचोके आधी भाजायचे की आधी भिजवायचे?