खिडकीजवळचा बाक

अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहा, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो शाळेची घंटा म्हणून पिंपळाला टांगलेला रुळाचा तुकडा. स्नेहसंमेलनं, कबड्डीची ढाल यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त सातवी ‘ब’च्या मराठीच्या बाईंवर लिहिणार आहे. आपल्या शाळेत ‘बाई’ म्हटलं की त्याच.

साल १९८७. आमच्या वर्गातल्या एका मुलाला एसटीचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ होतं. (नाव देत नाही. तो हा अंक वाचणार आणि आधी माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासणार.) पण रुळावर टोला पडला की दोन्ही कान दाबून तो बाकाखाली शिरायचा. आम्हाला आयतीच करमणूक. मधल्या सुट्टीत त्याच्या कानाशी कंपासपेटी आपटायची, हा आमचा खेळ.

बाईंनी एकदा ते पाहिलं. तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि एकेकाला उभं करून विचारलं, ‘तुला काय सहन होत नाही?’ कुणाला फळ्यावर कर्रकन ओढलेला खडू, कुणाला ताटात घासलेला चमचा, कुणाला टोचणारा लोकरीचा स्वेटर. मी म्हटलं, भेंडीची बुळबुळीत भाजी. बाई म्हणाल्या, ‘मला दुधावरची साय. जिभेला लागली की शहारे येतात.’ वर्ग हसला. मग त्याच सुरात, ‘याला घंटेचं तसं होतं. मी साय गाळून टाकते. घंटा दिवसातून अकरा वेळा होते. काय करू या?’

उपाय वर्गानंच काढला. माझा बाक खिडकीजवळ. शिपाईमामा स्टुलावरून उठले की मी लाकडी फूटपट्टी वर करायची, त्यानं कान झाकायचे. आठवडाभरात त्याचं बाकाखाली जाणं थांबलं.

एकदा त्यानं मला गणिताची वही दिली नाही. मामा उठलेले मला दिसले, पण मी पट्टी उचलली नाही. टोला पडला, तो दचकून खाली गेला आणि कपाळ बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं. बाईंनी त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरला आणि मला विचारलं, ‘मामा दिसले होते ना?’ मी मान हलवली. मार पडेल, निदान पट्टीचं काम तरी काढून घेतील, असं वाटलं होतं. ‘पुढचा तास चाळीस मिनिटांनी संपेल. लक्ष ठेव,’ एवढंच म्हणाल्या.

‘स्वमग्नता’ (ऑटिझम) हा शब्द तेव्हा आमच्या कानांवरूनही गेला नव्हता. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात तो नव्हता. २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. बँकेत चीफ मॅनेजरपर्यंत पोचलेल्या माणसाला हे पाठ असायचं कारण नाही, पण माझ्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता आहे. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं, दहावीला जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला. कागदोपत्री सगळं चोख. वर्गातल्या मुली मात्र म्हणायच्या, ‘तुझं बरंय गं, फुकटचा वेळ!’ समुपदेशक तिच्याशी बोलले, आमच्याशी बोलले. त्या चाळीस मुलींशी कुणीच बोललं नाही. बाईंनी नेमकं उलटं केलं होतं. त्याला ‘सवय कर’ असं एकदाही म्हणाल्या नाहीत. जे शिकवायचं ते आम्हाला शिकवलं. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

परवा शाळेत आलो होतो. पिंपळ आहे, रूळ नाही. इलेक्ट्रिक बेल बसवली आहे, तीही वेळ लावून ठेवलेली. खिडकीतून उठताना दिसेल असं आता कुणी नाही.

निमंत्रणपत्रिकेत ‘ढोल-ताशांच्या गजरात स्वागत’ असं छापलं आहे. ते वाचून त्याचा मला फोन आला, ‘किती वाजता?’ मी समितीला विचारलं. सव्वानऊ. त्याला कळवलं आहे.